घर्र आवाज येतो, पण गाडी हलत नाही!

बालमित्रांनो, मागच्या वेळी आपण सायकलच्या फ्रीव्हीलमध्ये डोकावलो होतो. आज पलंगाखाली धूळ खात पडलेली एक गाडी बाहेर काढूया. मोठ्या खरबरीत चाकांची, रिमोटवर चालणारी, दगडांवर चढणारी. दुकानदार तिला ‘रॉक क्रॉलर’ म्हणतात. आपण तिला ‘दगडचढी’ म्हणूया. कुंडलिकेच्या काठचे काळे दगड म्हणजे तिच्यासाठी हिमालयच की!

या गाडीचं दुखणं बहुतेक वेळा एकच. बटण दाबलं की घर्र आवाज येतो, पण गाडी जागची हलत नाही. मग घरात सगळे म्हणतात, “मोटर जळली.” अरे, मोटर जळली असती तर आवाज कुठून आला असता? आवाज येतोय म्हणजे सेल ठीक, रिमोट ठीक, मोटरही ठीक. फक्त मोटरचं फिरणं चाकापर्यंत पोचत नाहीये.

नळाला पाणी आलं नाही की आपण काय करतो? टाकीत आहे का बघतो, मग व्हॉल्व्ह, मग पाइप. (जालनेकरांना हे वेगळं सांगायला नको!) इथेही तसंच करायचं. वाट अशी आहे : मोटरच्या दांड्यावर एक चिमुकला गिअर, त्याला पिनियन म्हणतात. त्याला लागून मोठा गिअर. तिथून लांब दांडे पुढच्या-मागच्या आसांकडे जातात आणि आसांच्या टोकाला चाकं.

एवढे गिअर कशाला? मोटर छोटी असते. तिच्यात वेग भरपूर, पण जोर कमी. समजा, १० दात्यांचा गिअर ४० दात्यांच्या गिअरला फिरवतो. छोट्याचे चार फेरे, तेव्हा मोठ्याचा एक. पुढे पुन्हा १० दाते ३० दात्यांना फिरवतात. म्हणजे मोटरचे १२ फेरे झाले की चाकाचा एक! वेग बारा पटींनी उतरला आणि जोर जवळजवळ तेवढ्याच पटीने वाढला. थोडा घर्षणात जातो, तो सोडून द्या. चंद्रावर २०२३ साली उतरलेल्या आपल्या ‘प्रज्ञान’ गाडीला मात्र लांब दांड्यांची भानगडच नाही. तिच्या सहाही चाकांना स्वतंत्र मोटर आहे. तुमची गाडीही उलटी करून बघा. काही गाड्यांत दोन्ही आसांवर एकेक मोटर असते. तशी असेल आणि फक्त मागची चाकं बंद असतील, तर आधी वायर तुटलीय का ते पाहा.

आता तपासणी. गाडी एका डब्यावर अशी ठेवा की चारही चाकं अधांतरी राहतील. बटण दाबा. पुढची फिरतात आणि मागची नाहीत? मग बिघाड मागच्या दांड्यात किंवा मागच्या आसात. चारही अधांतरी फिरतात, पण जमिनीवर ठेवली की थांबतात? मग कुठेतरी काहीतरी घसरतंय. एकच चाक मागे पडतंय? चाकाच्या मधलं षट्कोनी भोक झिजून गोल झालं असेल, बाकी काही नाही. आणि हो, आसाला गुंडाळलेले केस आणि दोरे! अर्ध्या गाड्या त्यांनीच अडतात असं माझं मत आहे.

टक टक असा आवाज येत असेल तर फारच छान, कारण गाडी स्वतःच पत्ता सांगतेय. चाकाला चिकटपट्टीचा तुकडा लावा आणि मोजा. चाकाच्या एका फेऱ्याला एकच ‘टक’ म्हणजे दोष चाकाजवळच्या गिअरमध्ये. एका फेऱ्यात भराभर दहा-बारा ‘टक’ म्हणजे दोष मोटरजवळ.

आमच्या मस्तगडच्या चौथीतल्या एका मुलाने अशी गाडी तीन आठवडे पिशवीत लपवून ठेवली होती. वडील मोंढ्यात हमाली करतात. दिवाळीला त्यांनी ती घेऊन दिलेली. मोडली म्हटलं तर घरी काय होईल, या धास्तीने त्याचं वर्गातही लक्ष नव्हतं. शेवटी पिशवी माझ्या टेबलावर आली. हळूच म्हणतो कसा, “बाई, मोडली नाहीये. नुसती चालत नाहीये.”

आम्ही सेल काढले, चार स्क्रू सोडवले. ते बाटलीच्या झाकणात ठेवले, नाहीतर एक हमखास हरवतो. पिनियन आणि मोटरचा दांडा या दोघांवर मिळून नेलपॉलिशची एक रेघ ओढली. वाळू दिली. सेल घालून चाक धरलं आणि क्षणभरच बटण दाबलं. रेघेचे दोन तुकडे, दोन दिशांना! दांडा फिरत होता, पिनियन जागच्या जागी. प्लॅस्टिकच्या त्या पिनियनला केसाएवढी चीर होती. चिकटवून हे टिकत नाही, गोंद लावूच नका. दुसरं पिनियन हवं. दाते मोजून तेवढेच, त्याच आकाराचे आणि भोकही तेवढंच. वर्गातल्या पोरांनी घरातली बंद पडलेली खेळणी आणली. सातव्या खेळण्यात जुळणारं सापडलं.

पालकांना एक विनंती. खेळणं बंद पडलं की आधी ओरडू नका, आधी पेचकस द्या. मुलीलाही द्या, नुसतं भावाने उघडताना बघायला बसवू नका. शेजारी मात्र तुम्ही बसा. बॅटरी फुगलेली दिसली तर तिला हात लावू द्यायचा नाही, चार्जर तर कधीच उघडायचा नाही.

गिअरना ग्रीस द्यायचं ते काडीच्या टोकाने, एवढंसंच. खोबरेल तेल नको. थंडीत ते गोठतं, हे डोक्याला लावताना पाहिलंच असेल. पेट्रोलने प्लॅस्टिक धुणंही नको.

वळताना चाक घासतं, हा मात्र बऱ्याचदा बिघाड नसतो. वळणावर बाहेरच्या चाकाला जास्त अंतर कापायचं असतं. जीपमध्ये त्यासाठी डिफरन्शियल असतं, दगडचढीत बहुधा नसतं. दोन्ही चाकं मुद्दाम जखडलेली असतात, म्हणजे एक चाक हवेत गेलं तरी दुसरं ओढत राहतं. काळ्या मातीत ट्रॅक्टरचं एक चाक जागीच गरगरू लागलं, की चालक एक पेडल दाबतो. ते कशाचं, हे त्यालाच विचारून या.

आणि तुमच्या सायकलचे दाते मोजा. पेडलजवळच्या चक्राचे किती, फ्रीव्हीलचे किती? पेडलच्या एका फेऱ्यात मागचं चाक किती वेळा फिरतं, ते गणित करून मला लिहा. उत्तर दगडचढीच्या अगदी उलटं का येतं, ते पुढच्या अंकात पाहू.