बारका माल

बटाटा जेवढा मोठा तेवढा चांगला, अशी आपल्या मंडईत एक समजूत रूढ आहे. गिऱ्हाईक येते, ढिगातले थोराड बटाटे निवडून तराजूत टाकते, आणि तळाशी उरलेला बारका माल संध्याकाळी मिळेल त्या भावाने कुणाच्या तरी गोणीत जातो. या सदराच्या वाचकांपुढे आज मला त्या बारक्या मालाची बाजू मांडायची आहे. दिवाळीच्या दिवसांत चकली-अनारसे सोडून हे बटाट्याचे गुऱ्हाळ कशाला, असे कोणी विचारील. पण चार दिवस फराळ खाऊन जीभ विटली, की साध्या पोळीभाजीची आठवण होते, आणि त्या वेळी घरात बहुधा बटाटाच असतो.

मराठीच्या शिक्षकाला नावाची चौकशी केल्याखेरीज पुढे जाता येत नाही, तेव्हा ती आधी उरकून घेतो. 'बटाटा' हा शब्द आपल्याला पोर्तुगीजांनी दिला. त्यांनी तो उचलला कॅरिबियन बेटांवरून, आणि तिथे तो होता रताळ्याचा! उत्तरेकडे या नव्या कंदाला 'आलू' हे संस्कृतातले जुने नाव मिळाले. आपल्याकडे ते 'आलु' रक्तालूच्या, म्हणजे रताळ्याच्या पोटात दडून बसले. अँडीज पर्वतातून आलेला हा पाहुणा रताळ्याचे नाव लावून आपल्या घरात शिरला आणि थेट उपासाच्या ताटात जाऊन बसला. एकादशीला गहू बाहेर आणि बटाटा आत, याला म्हणतात नशीब!

आता मुद्द्याचे. लहान बटाटे सगळे एका जातीचे नसतात. त्यांत तीन प्रकार आहेत. पहिला कोवळा. हा वेल हिरवा असतानाच काढलेला असतो. त्याची साल अंगठ्याने घासली तरी निघते. दुसरा पुरता पिकलेला, पण जमिनीत वाढायला जागा किंवा अन्न कमी पडल्यामुळे लहान राहिलेला. आपल्या मंडईतला बारका माल बहुतेक या दुसऱ्या प्रकारचा. तिसरा जातीनेच लहान. युरोप-अमेरिकेत बोटाएवढे, लांबट, गाठाळ बटाटे मुद्दाम पिकवतात. फ्रान्समधला 'ला रात' हा त्यांतला नावाजलेला. त्याचा गर घट्ट व लोण्यासारखा असतो आणि शिजल्यावर फुटत नाही. तिकडे मोठ्या बटाट्यापेक्षा त्याला भाव अधिक. म्हणजे लहानपण हा दोष आहे की गुण, हे ज्याच्या त्याच्या बाजाराने ठरवायचे!

आमच्या घरी मंडईची पिशवी माझ्याकडे आणि कढई सौभाग्यवतींकडे, अशी जुनी वाटणी आहे. निवडीबद्दल मी अधिकाराने बोलतो तो त्यामुळे. लहान बटाटे घेताना पहिली अट एकसारखेपणाची. सुपारीएवढा आणि अंड्याएवढा एकाच पातेल्यात पडले, तर एकाचा लगदा होईतो दुसरा कच्चाच राहतो. दुसरी अट, दाबून पाहिल्यावर तो दगडासारखा टणक लागला पाहिजे. सुरकुतलेला, मऊ पडलेला, कोंब फुटलेला नको. अंगाला थोडी माती असली तर उत्तमच. धुऊन चकचकीत केलेला बटाटा लवकर नासतो.

दिवाळीच्या सुमारास आणखी एक गोष्ट पाहावी लागते. खेड-आंबेगावकडच्या सातगाव पठारावरचा पावसाळी बटाटा तेव्हा नवा आलेला असतो, आणि त्याच्याच शेजारी उत्तरेकडच्या शीतगृहांत उन्हाळ्यापासून ठेवलेला जुनाही विकायला असतो. फार थंडीत बटाट्यातल्या पिठाची साखर होऊ लागते. असा बटाटा चवीला गोडसर लागतो आणि कढईत पडला की आतून शिजण्याआधी वरून करपतो. तो आणलाच असेल, तर दोन-तीन आठवडे घरातल्या हवेत ठेवावा. पुष्कळशी गोडी उतरते. शक्य तर भाजीवाल्याला सरळ विचारावे, "मामा, नवा की शीतगृहातला?" नेहमीच्या गिऱ्हाइकाला तो सहसा खोटे सांगत नाही.

लहान बटाटा शिजवताना वाटणी मोडून मीही स्वयंपाकघरात शिरतो. सालासकट, अख्खा आणि गार पाण्यात घालून शिजवावा. उकळत्या पाण्यात टाकला तर वरचा थर फुटतो आणि गाभा मागे राहतो. पाण्यात सढळ हाताने मीठ घालावे. स्पेनच्या कॅनरी बेटांवर तर लहान बटाटे खूप खारट पाण्यात शिजवून, पाणी आटवून, सालीवर मिठाचा पांढरा थर बसलेल्या स्थितीतच खातात. आपण तितके धाडस करू नये! मंद आचेवर पंधरा-वीस मिनिटे पुरतात. सुरीचे टोक अडखळल्यावाचून आत गेले की उतरवावे.

उपासाला तूप, जिरे, हिरवी मिरची, दाण्याचे कूट आणि वरून लिंबू, एवढे पुरे. एरवी भरल्या वांग्यांसारखे भरावेत. अर्धा किलो बटाट्यांना अर्धी वाटी दाण्याचे कूट, पाव वाटी ओले खोबरे, दोन चमचे गोडा मसाला, तिखट, मीठ आणि लिंबाएवढा गूळ. चिंचेचा कोळ मात्र अगदी शेवटी. आंबटाने बटाटा घट्ट राहतो, शिजत नाही. आधीच चिंच घातली तर तासभर वाट पाहूनही दाताखाली कचकच येते. म्हणून बटाटे आधी अर्धे उकडून घ्यावेत आणि मग देठाकडचा भाग न तोडता चार चिरा द्याव्यात.

आता साठवणीचे, आणि हे मी सर्वांत कळकळीने सांगतो. बटाट्याला उजेड सोसत नाही. उन्हात, इतकेच काय दिव्याच्या उजेडातही, तो हिरवा पडतो. तो हिरवा रंग निरुपद्रवी असतो, पण ज्या उजेडाने तो रंग येतो त्यानेच सालीत सोलॅनीन नावाचे कडू विष वाढते. ते उकडून जात नाही, तळूनही जात नाही. जास्त पोटात गेले तर पोटदुखी, उलट्या, जुलाब होतात. मोठ्या बटाट्याचा हिरवा भाग जाड काढून बाकीचा वापरता येतो. लहान बटाट्यात साल जास्त आणि गर कमी, आणि तो आपण सालासकट खातो. म्हणून लहान बटाटा हिरवा दिसला तर अख्खा टाकावा. तिथे काटकसर नको, विशेषतः घरात मुले असतील तर. खाताना कडू लागला तर घास तिथेच थांबवावा.

बांबूची टोपली, वर गोणपाट आणि हवेशीर अंधारा कोपरा, हे बटाट्याचे खरे घर. प्लास्टिकच्या पिशवीत त्याला घाम फुटतो आणि तो कुजतो. कांद्याच्या शेजारी ठेवू नये. आपल्या हवेत आठ-दहा दिवसांपुरताच आणावा आणि टोपली दोन दिवसांनी चाळावी, कारण एक कुजका बटाटा बाकीच्यांना घेऊन जातो.

शेवटी एक सांगतो. ज्या बारक्या मालाला आपण नाके मुरडतो, त्यालाच शेतकरी बेण्यासाठी पसंती देतो. अंड्याएवढा निरोगी बटाटा चिरावा लागत नाही, अख्खाच लावता येतो, आणि चिरलेल्या फोडीपेक्षा जमिनीत कमी कुजतो. पुढच्या हंगामाची सगळी भिस्त ज्याच्यावर, त्याला मंडईत कवडीमोल करणे काही शहाणपणाचे नाही. शेतकऱ्याच्या गोणीत मोठ्याबरोबर लहानही निघतोच, आणि त्याचेही चार पैसे त्याच्या हाती पडले पाहिजेत. तेव्हा पुढच्या खेपेला ढिगाच्या तळाशी हात घाला. एकसारखे, टणक आणि मातकट, असे किलोभर निवडा. फक्त हिरवा तेवढा मागे ठेवा.