विश्लेषण : स्मार्ट मीटरला विरोध की अटींची मागणी? युरोपने विचारलेले प्रश्न धाराशिवनेही का विचारावेत?

भूम, वाशी, कळंब, परंडा भागातल्या ऊसतोड कुटुंबाच्या घराला दिवाळीच्या आसपास कुलूप लागते, ते उन्हाळा तोंडावर आल्यावरच निघते. घरात दिवा लागत नाही, पण वीजबिल येत राहते. रीडिंग घ्यायला आलेल्याला कुलूप दिसले, की सरासरीचा आकडा पडतो. अशा घरासाठी रोज आपोआप रीडिंग पाठवणारे मीटर खरे तर सोयीचे. तरीही नवे मीटर घेऊन कर्मचारी दारात आले की दोन प्रश्न हमखास येतात : बिल वाढणार का? आणि नको म्हटले तर चालेल का? हेच प्रश्न नेदरलँड्स, फ्रान्स, जर्मनीतल्या घरांमध्येही विचारले गेले. फरक इतकाच, की तिथे त्यांची उत्तरे कायद्यात आणि नियमांत लिहावी लागली.

राज्यात वाद नेमका कशाचा?

केंद्राने २०२१ मध्ये मंजूर केलेल्या सुधारित वितरण क्षेत्र योजनेतून देशभर स्मार्ट मीटरचा कार्यक्रम आला. महावितरणनेही सव्वादोन कोटींच्या घरात मीटर बसवण्याची कंत्राटे दिली. सुरुवातीचा बेत प्रीपेडचा होता, म्हणजे मोबाइलसारखे आधी पैसे भरा, मग वीज वापरा. ग्राहक संघटना, कामगार संघटना आणि राजकीय पक्षांनी विरोध केला. जून २०२४ मध्ये तेव्हाचे उपमुख्यमंत्री व ऊर्जामंत्री देवेंद्र फडणवीस यांनी सर्वसामान्य ग्राहकांकडे स्मार्ट प्रीपेड मीटर बसवणार नसल्याचे जाहीर केले. नंतर ‘टीओडी मीटर’ या नावाने, पण वापरानंतर बिल देणाऱ्या पद्धतीने मीटर बसू लागले. अशा मीटरमध्ये तांत्रिकदृष्ट्या दूरवरून प्रीपेडची सोय सुरू करता येते. म्हणूनच ‘आज पोस्टपेड, उद्या काय?’ ही शंका गेलेली नाही. घोषणा मागे घेता येते, लिहिलेला नियम बदलायला मात्र सुनावणी लागते.

युरोपात काय झाले?

युरोपीय संघाने २००९ च्या वीज निर्देशात उद्दिष्ट ठेवले, की जिथे खर्चापेक्षा लाभ जास्त दिसेल तिथे २०२० पर्यंत ८० टक्के ग्राहकांकडे स्मार्ट मीटर असावेत. ‘जिथे लाभ दिसेल तिथे’ ही अट महत्त्वाची ठरली. जर्मनीने २०१३ मध्ये जमाखर्चाचा अभ्यास करवून घेतला. सरसकट सगळ्यांकडे मीटर बसवणे परवडत नाही, असा निष्कर्ष निघाला आणि जर्मनीने घाई केली नाही. पुढे कायदा झाला, तोही आधी मोठ्या वापराच्या ग्राहकांसाठी. मीटरपोटी वर्षाला किती शुल्क घेता येईल, याची कमाल मर्यादाही कायद्यातच घातली.

नेदरलँड्समध्ये मीटर नाकारणे हा गुन्हा ठरवणारे विधेयक आले होते. घरात कोण कधी असते, कधी झोपते हे विजेच्या नोंदींवरून कळू शकते, हा आक्षेप तिथल्या ग्राहक संघटनेने लावून धरला. २००९ मध्ये वरिष्ठ सभागृहाने सक्ती अडवली. त्यानंतर ग्राहकाला मीटर नाकारण्याचा किंवा मीटर बसवूनही दूरवरचे रीडिंग बंद ठेवण्याचा पर्याय मिळाला.

फ्रान्समध्ये ‘लिंकी’ नावाच्या मीटरवरून शेकडो गावांच्या नगरपरिषदांनी विरोधाचे ठराव केले. लहरींमुळे आजार होतात, ही भीती सरकारी आरोग्य संस्थेच्या तपासणीत टिकली नाही. खासगीपणाचा मुद्दा मात्र टिकला. दिवसाचा एकूण वापर कंपनीला कळतो, पण अर्ध्या-अर्ध्या तासाचा तपशील ग्राहकाच्या संमतीशिवाय घेता येत नाही. लोकांच्या बोलण्यात खरे-खोटे मिसळलेले असते. त्यातले खरे वेगळे काढणे हे नियामकाचे काम, आणि ते तिथे झाले.

सगळेच गोड आहे असेही नाही. ब्रिटनमध्ये थकबाकीदारांच्या घरात न्यायालयाचे वॉरंट घेऊन प्रीपेड मीटर बसवले जात होते. २०२३ च्या सुरुवातीला एका दैनिकाने हा प्रकार उघड केल्यावर नियामकाने सक्ती थांबवली. पुढे दोन वर्षांखालील मूल असलेले घर आणि आधार नसलेले ७५ वर्षांवरील वृद्ध यांच्यावर सक्ती नाही, असे नियम झाले. याउलट इटलीत २००१ पासूनच असे मीटर बसले, पण तिथे बिल थकले की लगेच अंधार होत नाही. आधी पुरवठा मंजूर भाराच्या १५ टक्क्यांवर आणला जातो, म्हणजे दिवे चालू राहतात. यंत्र तेच, पण घराची वीज तोडायची की दिवा राखायचा, हे नियमाने ठरवले.

धाराशिवचे गणित वेगळे का?

धाराशिव हा नीती आयोगाच्या आकांक्षित जिल्ह्यांपैकी एक. दुष्काळ, स्थलांतर आणि रोजंदारी इथल्या घरांचे वेळापत्रक ठरवतात. राज्य वीज नियामक आयोगाच्या आदेशानुसार १ जुलै २०२५ पासून टीओडी मीटर असलेल्या घरगुती ग्राहकाला सकाळी ९ ते सायंकाळी ५ या वेळेतील वापरावर सुरुवातीला युनिटमागे ८० पैसे सवलत ठेवण्यात आली. कारण साधे आहे. दिवसा सौरऊर्जा स्वस्त असते. कौडगावच्या माळावर सौर पॅनेल पाहिलेल्यांना ते वेगळे सांगायला नको.

पण या वेळेत घरी असते कोण? मजुरीला जाणारे कुटुंब सकाळी ९ च्या आधी घर सोडते आणि दिवेलागणीला परतते. महिन्याला ७५ युनिट वापरणाऱ्या घराचे ३० युनिट दिवसा पडले, तरी सवलत होते २४ रुपये. फ्रिज, कूलर, वॉशिंग मशीन असलेल्या निवृत्त नोकरदाराला यापेक्षा बरेच जास्त मिळतील. दुपारी फिडर बंद असेल, तर तीही सवलत कागदावर. पाण्याची मोटर, मिक्सर, इस्त्री दिवसा वापरून ज्यांना बचत जमते त्यांनी ती जरूर करावी. मात्र ‘सर्वांचा फायदा’ हा प्रचार अर्धाच खरा आहे.

दुसरा मुद्दा कुलूपबंद घराचा. रोजचे रीडिंग मिळाले की सरासरी बिलाचा जाच संपेल, हा खरा लाभ. पण त्याच नोंदी सांगतात, की गावातली कोणती घरे महिनोन्महिने रिकामी आहेत. ही माहिती कोण पाहतो, कंत्राटदाराच्या माणसाला ती दिसते का, किती काळ साठवली जाते? डिजिटल व्यक्तिगत माहिती संरक्षणाचा कायदा २०२३ मध्ये झाला. वीजग्राहकाला मात्र या प्रश्नांचे उत्तर बिलाच्या मागच्या बाजूला, मराठीत वाचायला मिळायला हवे.

तिसरा मुद्दा खर्चाचा. मीटर बसवताना ग्राहकाकडून पैसे घेतले जात नाहीत, हे खरे. पण केंद्राचे अनुदान मीटरच्या खर्चाच्या १५ टक्के किंवा ९०० रुपये, यातले जे कमी असेल तेवढेच आहे. उरलेला बोजा वीजगळती कमी होऊन भरून निघेल की पुढच्या दरवाढीत दिसेल, याचा हिशेब दरवर्षी जाहीर व्हायला हवा.

ग्राहकाच्या हातात काय?

बरेच काही. विद्युत (ग्राहक हक्क) नियमांतील २०२४ च्या दुरुस्तीनुसार, रीडिंग वापराशी जुळत नसल्याची तक्रार केल्यास वितरण कंपनीने ५ दिवसांत पडताळणीसाठी दुसरे मीटर जोडायचे असते आणि किमान ३ महिने दोन्हींची तुलना करायची असते. म्हणजे बिल अचानक फुगले तर वायरमनशी वाद घालत बसण्याऐवजी लेखी तक्रार द्यावी आणि पोच घ्यावी. १९१२ या क्रमांकावर तक्रार नोंदवता येते. दाद मिळाली नाही तर ग्राहक तक्रार निवारण मंच आहे. जुने मीटर काढताना त्यावरच्या शेवटच्या रीडिंगचा फोटो काढून ठेवावा. बिलाला जोडलेला मोबाइल क्रमांक पुण्यात नोकरीला असलेल्या मुलाचा असेल, तर संदेश त्याच्याकडे जातो आणि घरातल्या आईला काहीच कळत नाही. तो क्रमांक आधी तपासावा.

प्रश्न संमतीचा

स्मार्ट मीटर नको म्हणणाऱ्याला अडाणी ठरवणे सोपे आहे. पण नेदरलँड्सच्या ग्राहकाला कोणी अडाणी म्हटले नाही. त्याच्या शंकेतून चांगला कायदा निघाला. भूमच्या ऊसतोड मजुराची शंका तितक्याच योग्यतेची आहे. महावितरणने मीटर बसवण्याआधी ग्रामसभेत येऊन तीन गोष्टी लेखी सांगाव्यात : ग्राहकाच्या संमतीशिवाय प्रीपेड होणार नाही, नोंदी कोणाला दिसतील, आणि थकबाकी झाली तर दिवा तरी चालू राहील का. हे सांगितले तर मीटरला विरोध करायला फारसे कोणी उरणार नाही. न सांगता भिंतीवर ठोकलेले यंत्र कितीही हुशार असले, तरी घरच्यांचा विश्वास त्याला मिळणार नाही.