जोहे गावच्या मूर्तिकाराला प्ले स्टोअर लागतंच का?

पेण तालुक्यातलं जोहे हे गणेशमूर्तींच्या कारखान्यांचं गाव. समजा, इथल्या एका कारखान्याला मूर्तींचे फोटो, उंची, भाव आणि बुकिंग ग्राहकाच्या मोबाईलवर द्यायचंय. आजवर सोपा उपाय होता: ओळखीच्या मुलाकडून अ‍ॅप बनवून घ्या आणि फाईल व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवा. हा रस्ता आता अरुंद होतोय.

काय बदलतंय?
अँड्रॉइड अ‍ॅप बनवणाऱ्याला आपली ओळख गुगलकडे नोंदवावी लागेल, असं गुगलने ऑगस्ट २०२५ मध्ये जाहीर केलं. अ‍ॅप प्ले स्टोअरबाहेरून दिलं तरीही. सप्टेंबर २०२६ पासून ब्राझील, इंडोनेशिया, सिंगापूर आणि थायलंड, तर २०२७ पासून टप्प्याटप्प्याने जगभर, असं ते वेळापत्रक. फसव्या अ‍ॅप्सना आळा घालणं, हे त्यामागचं कारण सांगितलं गेलं. टीका झाल्यावर विद्यार्थी आणि जाणकार वापरकर्त्यांसाठी सवलतीही जाहीर झाल्या.

मग प्ले स्टोअरवरच टाकलं तर?
नोंदणीचे एकदाच २५ डॉलर. वैयक्तिक खातं १३ नोव्हेंबर २०२३ नंतरचं असेल, तर किमान १२ जणांकडून सलग १४ दिवस चाचणी. ऐन हंगामात दोन आठवडे तिथेच जातात.

दुसरा मार्ग कोणता?
वेब अ‍ॅप. म्हणजे लिंकवर उघडणारी, पण होम स्क्रीनवर आयकॉन ठेवता येणारी वेबसाईट. ‘सर्व्हिस वर्कर’ हा कोड फोटो फोनमध्ये साठवतो, त्यामुळे रेंज गेली तरी यादी दिसते. ‘लाइटहाउस’ हे मोफत साधन तिचा वेग तपासतं. पुढे स्टोअरवर जायचं ठरलं, तर ‘बबलरॅप’ किंवा ‘कपॅसिटर’ने तीच वेबसाईट अ‍ॅपमध्ये बांधता येते.

ओपन सोर्सच का?
अडोबीने २०२० मध्ये ‘फोनगॅप’ बंद केलं. पण त्याचा कोड आधीच अपाची फाउंडेशनकडे दिलेला होता, म्हणून ‘कॉर्डोव्हा’ या नावाने तो चालू राहिला. कंपनी गेली तरी साधन हातात राहतं, ते असं.

अडचणी नाहीत का?
आहेत. बांधलेल्या अ‍ॅपला गुगलचा नियम लागूच होतो. आयफोनवर आयकॉन ग्राहकाला स्वतः ठेवावा लागतो. डोमेनचे पैसे दरवर्षी भरावे लागतात. आणि स्टोअरमध्ये शोधणाऱ्याला वेब अ‍ॅप सापडत नाही.

पण ग्राहक ओळखीतून आणि व्हॉट्सअ‍ॅपवरूनच येत असतील, तर आधी लिंक करावी. स्टोअरचं नंतर बघता येईल.