फाटकावरचा सुरक्षाप्रमुख

टेक्सासमधल्या एका गुरांच्या कुरणावर हँक नावाचा कुत्रा आहे. 'सुरक्षाप्रमुख' ही पदवी त्याने स्वतःच स्वतःला बहाल केलेली. अकलेपेक्षा ऐट मोठी. साथीदार ड्रोव्हर महाभित्रा. संकट दिसलं की याचा पाय दुखायला लागतो. आणि पीट नावाचा बोका दोघांनाही पुरून उरतो. या गोष्टींचे लेखक जॉन एरिकसन स्वतः गुरांमागे राबलेले. 1983 साली पेरीटन या लहानशा गावातून, घरच्याच प्रकाशनातर्फे त्यांनी हँकचं पहिलं पुस्तक काढलं. आता ही पुस्तकं सत्तरांहून अधिक झाली आहेत. गोष्ट हँकच सांगतो, त्यामुळे त्याची फजिती त्याला सोडून सगळ्या पोरांना कळते!

आपल्याकडे कुत्र्याला काम कमी नाही. खंडोबाजवळ तो आहे, धनगरांच्या वाड्यावर आहे. शेतात मेंढ्या बसवल्या की रात्री लांडग्याची चाहूल आधी त्यालाच लागते. व्यंकटेश माडगूळकरांच्या 'बनगरवाडी'ने (1955) हे मेंढपाळांचं जग मोठ्यांना दाखवलं. बालसाहित्यात मात्र कुत्रा बहुधा इमानाचे धडे देतच दमतो.

जबलपूरची रिछाई ही औद्योगिक वसाहत. इथे हँकसारखं कुरण कुठलं? पण वॉचमनच्या खुर्चीखाली अंग मुडपून पडलेला, ट्रक आला की एक डोळा उघडून 'जाऊ द्या' म्हणणारा एखादा मोती फाटकाफाटकावर असतोच.

जबलपूरच्या मराठी मुलांनी त्याची गोष्ट लिहून पाठवावी, त्याच्याच तोंडून. इमानाचा उल्लेख नसेल तर आधी छापू.