पहिल्या वर्षाचा मास्तर आणि समोरचा गप्प वर्ग

एकपात्री प्रयोगाचे वेड मराठी माणसाला जुनेच आहे. १९६१ मध्ये पु. ल. देशपांडे यांनी 'बटाट्याची चाळ' एकट्याने रंगमंचावर वसवली. पुढे प्रा. लक्ष्मण देशपांडे 'वऱ्हाड निघालंय लंडनला' घेऊन आले आणि पन्नासाहून अधिक माणसे एकाच अंगातून उभी करून दाखवू लागले. ही सारी किमया एकट्या नटाची, असे आपण टाळ्या वाजवताना म्हणतो. पण ते पूर्ण खरे नाही. नट नुसता पदर सावरल्यासारखे करतो आणि समोरची माणसे आपापल्या घरातली आत्या तिथे बसवून मोकळी होतात. निम्मे नाटक प्रेक्षक करीत असतात, कारण नटाची आणि त्यांची भाषा एक असते.

शिक्षिकेवरची एकपात्रीही आपल्याकडे झाली आहे. सुषमा देशपांडे यांनी १९८९ पासून 'व्हय, मी सावित्रीबाई' गावोगावी नेले. १८४८ मध्ये पुण्याच्या भिडेवाड्यात मुलींची शाळा सुरू झाली, तेव्हा सावित्रीबाई अवघ्या सतरा वर्षांच्या होत्या. रस्त्यात अंगावर शेणचिखल येई, म्हणून त्या जादा लुगडे बरोबर नेत, ही आठवण घराघरांत सांगितली जाते. त्या पहिल्या वर्षाचा सगळा संघर्ष रस्त्यावर होता. एकदा वर्गाचे दार लागले की बाई आणि मुली एकाच भाषेत बोलत होत्या.

माझ्या मनात बरेच दिवस आणखी एक एकपात्री घोळते आहे. तिच्यातल्या मास्तराला रस्त्यात कोणी अडवत नाही, अंगावर कोणी काही फेकत नाही. त्याची अडचण वर्गाचे दार लागल्यावर सुरू होते. ही गोष्ट घडते हेमलकशाला.

२३ डिसेंबर १९७३ रोजी बाबा आमटे यांनी तिथे लोकबिरादरी प्रकल्प सुरू केला, तेव्हा तो भाग चंद्रपूर जिल्ह्यात होता. गडचिरोली वेगळा झाला १९८२ मध्ये. डॉ. प्रकाश आणि डॉ. मंदाकिनी आमटे यांनी दवाखाना चालवला आणि १९७६ मध्ये माडिया मुलांसाठी निवासी शाळाही सुरू झाली. पावसाळ्यात पर्लकोटा फुगली की भामरागडची वाट बंद होणारा तो मुलूख. सुरुवातीला मुले शाळेत टिकत नसत, जंगलातून वाट काढत घरी पळून जात.

ती का पळत असतील? माडिया ही गोंडीचीच एक बोली. ती द्राविडी कुळातली, म्हणजे नाते तेलुगू-कानडीशी, मराठीशी नाही. गोंडीत पाण्याला 'एर' म्हणतात. सहा वर्षांचे पोर 'एर' म्हणते आणि मास्तर त्याच्याकडे पाहत राहतो. मास्तर 'पाणी' म्हणतो आणि पोर त्याच्याकडे पाहत राहते. दोघेही शहाणे, दोघेही मुके. आईपासून दूर आलेल्या त्या मुलाला तहान लागल्याचेही सांगता येत नसेल, तर त्याने घरची वाट धरावी यात नवल कसले?

मी आयुष्याची उमेदीची वर्षे बँकेत घालवली. तिथे नव्या अधिकाऱ्याचे पहिले वर्ष शिकण्याचे असे. चुकले तर सांगायला वरिष्ठ, अडले तर पाहायला नियमपुस्तिका, आणि दिवसाच्या शेवटी रोकड जुळली की नाही हे लगेच कळे. नव्या शिक्षकाचा हिशेब असा संध्याकाळी जुळत नाही. दुर्गम शाळेतल्या नव्या मास्तराचे पहिले वर्ष हाच मुळी एकपात्री प्रयोग असतो. तोच बोलतो, तोच फळ्यावर लिहितो, प्रश्न त्याचा आणि उत्तरही त्याचेच. समोरून प्रतिसाद येत नाही. मग वर्षाच्या शेवटी तो मनाशी नोंद करतो, 'मुले बुजरी आहेत, अभ्यासात मंद आहेत.'

हीच मुले गावात पाहावीत. हात गुंफून रेला धरला की सगळा गाव गाऊ-नाचू लागतो. त्यात एकटा पुढे उभा राहून बोलतो आहे आणि बाकीचे गप्प बसले आहेत, असा प्रकारच नाही. ज्यांच्या घरी गाणेदेखील सर्वांचे असते, त्या मुलांना बुजरी म्हणण्यापूर्वी आपण त्यांना कोणत्या भाषेत हाक मारली, हे विचारायला नको का?

यावर एक रास्त आक्षेप येतो. हेमलकशाच्या शाळेत शिकून माडिया मुले डॉक्टर झाली, वकील झाली. तालुक्याचे दफ्तर मराठीत, नोकरी मराठीत. मग माडियाचा हट्ट कशाला? मराठी त्यांना आली पाहिजे, उत्तम आली पाहिजे, याबद्दल दुमत नाही. पण हेमलकशाला गेलेली मंडळी आधी स्वतः माडिया शिकली, हे विसरून चालणार नाही. तिथल्या यशाचा पाया तोच आहे. शिवाय वर चढलेल्यांची नावे आपण मोजतो. पहिलीतूनच परत फिरलेल्यांची नोंद कोणाच्या वहीत असते?

कायदा याबाबत गप्प नाही. घटनेच्या ३५०-अ कलमात १९५६ पासून प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून देण्याची सोय सांगितली आहे. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्यात तेच आहे, 'शक्य असेल तेथवर' या पळवाटेसह. २०२० च्या धोरणानेही निदान पाचवीपर्यंत तेच म्हटले. धानोरा तालुक्यातल्या मोहगावच्या ग्रामसभेने तर २०१९ मध्ये स्वतःच गोंडी माध्यमाची शाळा काढली. म्हणजे मागणी खालून आली आहे. वरून यायची आहे ती तयारी.

ती फार खर्चाचीही नाही. राष्ट्रीयीकृत बँकांत हिंदीची परीक्षा देणाऱ्या कर्मचाऱ्याला प्रोत्साहनाची रक्कम मिळते. मग भामरागड-एटापल्लीत नेमणूक होणाऱ्या शिक्षकाला आधी तीन महिने माडिया शिकवावी, परीक्षा घ्यावी, उत्तीर्ण झाल्यास वेतनवाढ द्यावी, यात अवघड ते काय? शिकवायला गावातलीच शिकलेली मुले-मुली आहेत. त्यांना त्याचे मानधन द्यावे आणि पहिलीच्या वर्गात मास्तराशेजारी खुर्चीही द्यावी.

म्हणून ती एकपात्री कोणा तरुण नटाने लिहावी असे वाटते. मात्र त्यात मास्तराला त्यागमूर्ती करू नये. शहरातल्या प्रेक्षकाला हळहळायला लावणे सोपे असते. प्रयोगाची पहिली वीस मिनिटे त्याने माडियातच बोलावे आणि पुण्या-नागपूरच्या प्रेक्षकांना वर्गातल्या त्या पोरासारखे बसू द्यावे. नंतर तोच प्रयोग भामरागडला न्यावा. तिथे मास्तराचे वेडेवाकडे माडिया उच्चार ऐकून मुले खदखदा हसली आणि चारदोघांनी जागेवरूनच ते दुरुस्त केले, तर प्रयोग रंगला असे खुशाल समजावे.