लॅपटॉप अडला, तर आधी कारण शोधा



आमच्या धाकटीची परीक्षा तोंडावर आली आणि नेमका तिचा जुना लॅपटॉप अडून बसला. शिकवणीचा व्हिडिओ लावला की दहा मिनिटांत चित्र थांबे. दुकानदार म्हणाला, "मदरबोर्ड गेला, नवाच घ्या." नवा घ्यायला पैसे आणायचे कुठून? म्हणून आधी घरीच तपासायचे आम्ही ठरविले. सर्वात आधी तिच्या वह्या-टिपणांच्या फायली पेन ड्राइव्हवर उतरवून घेतल्या.

मग पाहिले, दोष इंटरनेटचा की यंत्राचा? नुसते चक्र फिरत राहिले आणि माऊसचा बाण हलत असेल, तर बहुधा इंटरनेट संथ असते. बाणही हलेना, तर यंत्रात पाहावे. आमचा बाण थिजत होता.

लेक लॅपटॉप गादीवर ठेवून बसे. त्यामुळे खालची हवेची भोके बुजत आणि यंत्र तापे. आम्ही तो लाकडी पाटावर ठेवला. बंद करून, चार्जर काढून जाळीवरची धूळ मऊ ब्रशने झाडली. आता तो अर्धा तास चालू लागला, पण अडणे गेले नाही.

कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप ही बटणे एकदम दाबली की टास्क मॅनेजर उघडतो. तिथे मेमरी शंभर टक्क्यांच्या जवळ दिसली, तर इतर खिडक्या बंद कराव्यात. आमची मेमरी ठीक होती.

राहिला ब्राउझर. व्हिडिओची फाईल दाबून लहान केलेली असते. ती उलगडण्याचे काम ब्राउझर ग्राफिक्स चिपकडे देतो. त्या चिपचा ड्रायव्हर जुना वा बिघडलेला असला, तर सारे यंत्र अडू शकते. क्रोमच्या सेटिंग्जमध्ये 'सिस्टम' या भागात ग्राफिक्स ॲक्सिलरेशनची खूण असते. ती आम्ही काढली आणि ब्राउझर पुन्हा सुरू केला. त्या रात्री दोन धडे सलग चालले!

मात्र यात प्रोसेसरवर भार वाढतो, म्हणून चित्र ४८० वर ठेवले. दुसऱ्या दिवशी लॅपटॉपच्या कंपनीच्याच संकेतस्थळावरून नवा ड्रायव्हर घातला आणि खूण पुन्हा लावली. आता काही अडत नाही. खर्च शून्य.

एका वेळी एकच बदल करावा, म्हणजे कशाने गुण आला ते कळते. आतून टकटक आवाज येत असेल किंवा फायली उघडत नसतील, तर मात्र वेळ न दवडता जाणकाराला दाखवावे. दुकानदाराच्या एका शब्दावर कर्ज काढू नका, एवढेच आमचे सांगणे.