सारेच रणगाडे नव्हेत

प्रजासत्ताक दिनाचे संचलन दूरदर्शनवर चालू असले म्हणजे आपल्या घराघरांतून एक उद्गार हमखास ऐकू येतो : ‘आले, रणगाडे आले!’ पोलादी पट्ट्यांवर धावणारे आणि पुढे नळी रोखलेले जे जे पडद्यावर येईल, ते सारे आपल्या लेखी रणगाडेच. वस्तुतः त्यांतील काही गाड्या पायदळाच्या असतात. हा भेद केवळ परिभाषेचा नाही. त्या गाडीच्या पोटात माणसे बसवलेली असतात, आणि तिची सारी रचना त्यांच्यासाठीच असते.

रणगाड्याच्या वेगाने पायदळास पुढे कसे न्यावे, हा गेल्या शतकातील युद्धशास्त्रापुढचा मोठा प्रश्न होता. त्याचे एक उत्तर म्हणजे चिलखती वाहक. अमेरिकेची १९६० मधील एम-११३ ही त्या जातीची प्रसिद्ध गाडी. टपावर एक मशीनगन, आत अकरा सैनिक. त्यांना रणभूमीच्या कडेपर्यंत सुखरूप पोहोचवावयाचे, एवढेच तिचे मुख्य काम. दुसरे उत्तर सोव्हिएत संघाने दिले. १९६६ मध्ये त्यांच्या सैन्यात आलेल्या बीएमपी गाडीवर ७३ मिलिमीटरची तोफ आणि रणगाडाविरोधी क्षेपणास्त्र होते. सैनिकांना उतरवल्यावर ही गाडी माघारी वळत नाही. त्यांच्या बरोबरीने लढते.

आपल्या देशात या विचारास स्वतंत्र रूप आले ते २ एप्रिल १९७९ रोजी. जनरल कृष्णस्वामी सुंदरजी यांच्या पुढाकाराने यांत्रिक पायदळ रेजिमेंट उभी राहिली. तिचे केंद्र अहमदनगरला, म्हणजे आजच्या अहिल्यानगरला आहे. नव्या रेजिमेंटसाठी निरनिराळ्या रेजिमेंटांतील जुन्या पलटणी निवडल्या गेल्या, आणि येथेच आम्हां ग्वाल्हेरकरांचा संबंध येतो. शिंदे संस्थानची चौथी ग्वाल्हेर इन्फंट्री संस्थानी फौजांच्या विलीनीकरणानंतर कुमाऊँ रेजिमेंटची चौदावी पलटण झाली होती. कंसात ‘ग्वाल्हेर’ हे नाव तिने जपले होते. तीच पुढे यांत्रिक पायदळाची पाचवी पलटण झाली. दौलतराव शिंद्यांच्या छावणीवरून ज्या शहराला ‘लष्कर’ हे नाव पडले, तेथे राहणाऱ्या आपल्यांपैकी कितीजणांना ही गोष्ट ठाऊक असेल?

भारतीय यांत्रिक पायदळाचा मुख्य भार आजही बीएमपी-२ वर आहे. १९८७ पासून मेदकच्या आयुध निर्माणीत ती ‘सारथ’ या नावाने तयार होऊ लागली. चालवणारे व लढवणारे तिघे, मागे सात सैनिक, वर ३० मिलिमीटरची तोफ. वजन सुमारे १४ टन. टी-९० रणगाडा सुमारे ४६ टनांचा, हे ध्यानात घेतले म्हणजे हिचे चिलखत किती पातळ असेल याची कल्पना येते. बंदुकीची गोळी आणि तोफगोळ्याचे तुकडे ते अडवते. रणगाड्याचा गोळा अडवत नाही. मागच्या ज्या दारांतून सैनिक उतरतात, त्या दारांच्या पोकळीतही इंधन साठवलेले असते.

मग चिलखत जाड का करीत नाहीत? कारण या गाडीला पोहावयाचे असते. पंजाबातील कालवे व नद्या ओलांडताना पूल मिळेलच असे नाही. पट्ट्यांच्याच बळावर ती पाण्यातून ताशी सुमारे ७ किलोमीटर वेगाने जाते. लोखंड वाढवले की पोहणे गेले. संरक्षण हवे की चपळाई, हा हिशेब करणाऱ्याला कोठेतरी थांबावेच लागते, आणि तो जेथे थांबतो तेथे सात सैनिकांचे प्राण टांगलेले असतात. २०२० मध्ये याच गाड्या पूर्व लडाखच्या थंडीत उभ्या राहिल्या. २०२२ पासून युक्रेनच्या युद्धात लहानशा ड्रोननेही अशा गाड्या जळताना जगाने पाहिल्या आहेत. तो जुना हिशेब आता नव्याने मांडावा लागणार, हे उघड आहे.

पण एक गोष्ट बदललेली नाही. २९ डिसेंबर १८४३ रोजी महाराजपूर आणि पनियारच्या रणात ग्वाल्हेरचा शिपाई पायी लढला. आजचा शिपाई गाडीतून जातो. तरी भूमी ताब्यात घ्यावयाची वेळ आली म्हणजे त्यालाही दार उघडून पायीच उतरावे लागते. पानिपत आणि महादजी यांविषयी आपण तासन्‌तास बोलतो, ते योग्यच आहे. मात्र आपल्या आप्तेष्टांपैकी कोणी यांत्रिक पायदळात असेल, तर तो सुट्टीवर आल्यावर त्याला नुसते ‘रणगाड्यावर असतोस ना?’ असे विचारून मोकळे होऊ नये. तो कशात बसतो आणि कोठे उतरतो, एवढे तरी आपण जाणून घ्यावे, असे आम्हांस मनापासून वाटते.